बिनशिशाचा उजेड

मित्रांनो, खडा म्हटले की तुम्हांला घासात दाताखाली येणारा खडा आठवतो, चपलेत शिरून टोचणारा आठवतो, नाहीतर कुत्र्यावर भिरकावायला उचललेला आठवतो. मीही खडाच आहे आणि आता बराच जुना झालो आहे, पण मी त्यांच्यातला नाही. मी स्फटिक आहे. शेंगदाण्याएवढा, काचेसारखा आरपार, आणि दिवसाउजेडी वाटेत पडलेला दिसला तरी कुणी उचलणार नाही असा. खोलीत अंधार करा, माझ्यावर अतिनील दिवा धरा, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे किरण सोडणारा दिवा, आणि मग बघा. मी निळा पेटतो. धूर नाही, ज्योत नाही, चटका नाही. ज्यांनी ज्यांनी बघितले त्यांची बोलती बंद झाली. मी थोडा गर्विष्ठ आहे हे तुमच्या लक्षात आले असेलच.

आमचे घराणे पेरोव्स्काइट नावाच्या स्फटिकांचे. खरे सांगायचे तर आमची अंगकाठी त्या घराण्याशी फारशी जुळत नाही, आम्ही लांबचे नातलग. पण मोठ्या घराचे आडनाव आपणहून कोण सोडतो? त्या घरातल्या थोरल्या पातीच्या अंगात शिसे असते. ते भाऊबंद प्रकाश द्यायला फार तरबेज. हिरवे म्हणा, तांबडे म्हणा, हवे तसे चमकतात आणि सगळीकडे मिरवतात. पण शिसे ते शिसे. माणसाच्या अंगात गेले की हाडांत घर करून बसते आणि निघता निघत नाही. माझ्यात त्याचा कणही नाही. माझ्यात तांबे आहे, सीझियम नावाचा एक मऊ धातू आहे आणि आयोडीन आहे, तुमच्या खरचटलेल्या गुडघ्याला लावतात तेच. एवढ्या सामानातून इतका निळा उजेड निघेल यावर खुद्द मला घडवणारीचाही आधी विश्वास बसला नव्हता.

ती एका संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळेत काम करायची. सगळ्यांत शेवटी आली म्हणून तिला सगळे धाकटी म्हणत. पुढे तिच्यामागून कितीतरी जण आले आणि पदवी घेऊन गेलेही, तरी ती धाकटीच राहिली. तिने दोन भुकट्या एका उग्र वासाच्या द्रावकात विरघळवल्या, गाळून घेतल्या आणि ती छोटी बाटली उघड्या तोंडानेच एका मोठ्या बरणीत उभी केली. बरणीच्या तळाशी स्पिरिटासारखे दुसरे द्रावक ओतले आणि वरून घट्ट झाकण लावले. त्या दुसऱ्याची वाफ हळूहळू बाटलीत उतरते, आत विरघळून सुस्तावलेल्यांना बाहेर ढकलते, आणि बाहेर पडलेले एकमेकांना धरून खडे होतात. घाई केली की नुसता गाळ बसतो. बरणीला धक्का लागला की एका मोठ्या खड्याऐवजी बारीक रेतीच पडते. म्हणून तिने त्या खोलीच्या दारावर कागद चिकटवला होता, 'दार आपटू नये. आपटणाऱ्याचे खडे पुढच्या जन्मीही वाढणार नाहीत.'

आम्ही भावंडे पुष्कळ होतो. मित्रांनो, आमच्याकडे नापास मुलांना घरी बसवत नाहीत. वाकडी वाढलेली, पोटात भेग असलेली, एकमेकांना चिकटलेली माझी भावंडे तिने चिमट्याने उचलली, खलात टाकली आणि घोटून घोटून त्यांची पूड केली. क्ष-किरणांनी तपासायला पूडच लागते म्हणे. मी हे सगळे बाटलीतून बघत होतो. मला रडू आले का, असे विचाराल तर नाही आले. मी सरळ वाढलो होतो आणि मला त्याचाच आनंद होता.

मी उजेड देतो कसा, तेही ऐका. दिव्याचा किरण माझ्या अंगात शिरला की एक इलेक्ट्रॉन उडी मारून वरच्या मजल्यावर जातो आणि खाली त्याची जागा रिकामी राहते. तो आणि ती रिकामी जागा एकमेकांना ओढत राहतात. इतर कितीतरी स्फटिकांत ही जोडी मोकळी हिंडते. माझी ठेवण मात्र मऊ आहे. जुन्या गादीवर जाडजूड माणूस बसला की गादीला खळगा पडतो आणि तोच माणूस त्यात रुतून बसतो, तशी ती जोडी मला वाकवते आणि स्वतःच पाडलेल्या खळग्यात अडकते. मग सुटायला एकच वाट उरते. थोडी ऊब माझ्या अंगात सोडायची आणि बाकीचा सगळा जोर निळा उजेड म्हणून बाहेर टाकायचा. धाकटीने हे फळ्यावर चित्र काढून मोठ्या सरांना समजावले तेव्हा ते म्हणाले, हे मला माहीतच होते. त्यांना ते माहीत नव्हते.

मोठे सर त्या प्रयोगशाळेचे प्रमुख. तरुणपणी त्यांनी काचा आणि भिंगे यांवर नाव कमावले होते. त्यानंतर सभा, सत्कार आणि समित्या यांतून त्यांना सवड मिळाली नाही, आणि एखाद्या नमुन्याला स्वतःच्या हाताने शिवून त्यांना युगे लोटली होती. भिंगांच्या दिवसांतली एक सवय मात्र अंगात मुरलेली होती. समोर काही चकचकीत दिसले की ते उचलायचे, तोंडाजवळ नेऊन त्यावर 'हाः' करून वाफ सोडायची आणि रुमालाने खसखसून पुसायचे. चष्मा, घड्याळ, सत्कारात मिळालेली मानचिन्हे, दुसऱ्याचा फोन, काहीही.

ते आवाज कधी चढवत नसत. त्यांना जे करायचे ते मऊ आवाजातच करता येत असे. धाकटीचे वडील बॅटऱ्या दुरुस्त करायचे. दुकानाच्या मागच्या पडवीत कढईत शिसे वितळवून प्लेटा ओतण्यात त्यांचा जन्म गेला होता. हे सरांना कळले त्या दिवसापासून येणाऱ्याजाणाऱ्याला ते तिची ओळख करून देत ती अशी, "ही आमची शिसेवाल्याची मुलगी. वडिलांनी आयुष्यभर शिसं ओतलं, आणि ही शिसं काढून टाकायला निघालीय." येणारेजाणारे हसत. धाकटीही हसत असे, कारण तिच्या प्रबंधावर सरांची सही व्हायची होती. सही झाली की पदवी, पदवी मिळाली की नोकरी. आई केव्हाच गेली होती, वडिलांचे दुकान बंद पडले होते आणि घर तिच्या तुटपुंज्या विद्यावेतनावर कसेबसे चालले होते. सर मात्र सही पुढे ढकलत राहिले. कधी म्हणाले आणखी एक मोजणी कर, कधी म्हणाले भाषा सुधार, आणि एकदा तर कारण सांगायचेच विसरले.

मी जन्मलो आणि तिचे दिवस पालटतील अशी चिन्हे दिसू लागली. पहिल्यांदा मला दिव्याखाली धरले तेव्हा सगळी प्रयोगशाळा गोळा झाली होती. सर म्हणाले, "सुंदर. आपण करून दाखवलं." मग त्यांनी एका दिव्यांच्या कंपनीच्या माणसांना बोलावणे धाडले. माझा उजेड त्यांना पसंत पडला तर ते प्रयोगशाळेला मोठे काम देणार होते. सरांनी धाकटीला शब्द दिला, की पाहुण्यांसमोर हा निळा चमकला की दुसऱ्या दिवशी सकाळी सही.

माझे एकच दुखणे आहे, आणि ते तिने सगळ्यांच्या कानीकपाळी ओरडून सांगितले होते. मला ओल सोसत नाही. पाण्याचा अंश लागला की माझ्या कातडीतले सीझियम आयोडाइड विरघळून निघून जाते, आणि मागे जे उरते ते निळे नाही, पिवळे चमकते. तेही फिकट, आजाऱ्यासारखे. माझ्या एका भावाच्या अंगावर तिने मुद्दाम थेंब टाकून हे दाखवले होते. त्या बैठकीत सगळ्यांनी माना डोलावल्या. सर त्या वेळी फोनच्या काचेवर वाफ सोडत होते.

पाहुणे येणार होते त्या सकाळी तिने वडिलांना आणले. बाहेरच्या माणसाला आत घेण्याआधी परवानगी काढावी लागते. तिने ती काढली नाही, कारण ती सरांकडे मागावी लागली असती आणि सरांनी आणखी एक विनोद केला असता. म्हातारा धुतलेला शर्ट घालून आला होता. बटणे तिने लावून दिली होती. शिशाने त्याच्या मनगटांच्या नसा खाल्ल्या होत्या, त्यामुळे दोन्ही पंजे खुंटीवर वाळत घातलेल्या मोज्यांसारखे खाली लोंबत. आठवणीचेही तसेच. दूध आणायला जायचा आणि कोपऱ्यावर उभा राहून आपण कशाला निघालो होतो ते आठवत बसायचा. पडद्याआड नेऊन तिने त्याला माझ्यासमोर उभे केले. काही सांगायच्या आतच त्याने दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एका हाताने दुसरा धरून ठेवला. कामाच्या जागेची शिस्त त्याला कुणी शिकवायला नको होती.

तिने दिवा लावला. मी जीव तोडून चमकलो. म्हाताऱ्याचा चेहरा निळा झाला.

"ह्यात शिसं नाही?" त्याने विचारले.

"नाही बाबा. कणभरसुद्धा नाही."

तो वाकून बघू लागला. मग हळूच म्हणाला, "मग हे आधी का नाही केलं गं कुणी?"

तिने त्याचा शर्ट उगाचच नीट केला, त्याला बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर नेऊन बसवले, पाहुणे गेले की आपण दोघे बाहेर जेवू असे सांगितले आणि मला काचेच्या बशीत ठेवून वर झाकण घालून ती पाहुण्यांना घ्यायला फाटकाकडे गेली.

तेवढ्यात सर आले. त्यांच्यामागे होयबा होता. होयबा म्हणजे प्रयोगशाळेतला सर्वांत जुना संशोधक, आणि हे नाव त्याला का पडले ते सांगायला नको. सरांनी झाकण उचलले. माझ्या अंगावर कुठूनसा कापसाचा एक तंतू येऊन बसला होता. सरांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी मला उघड्या बोटांनी उचलले, तोंडाजवळ नेले आणि 'हाः' केले. मग पुन्हा एकदा 'हाः'. नंतर खिशातून निळ्या चौकटीचा रुमाल काढला. येताना जिना चढून त्यांना घाम आला होता आणि त्याच रुमालाने त्यांनी मान पुसली होती. त्या ओल्या रुमालाने त्यांनी मला घासले, उलटे करून घासले, दिव्यावरच्या काचेसारखे घासले. माझी कातडी त्या रुमालात उतरत होती आणि मला ओरडता येत नव्हते.

होयबाचे तोंड उघडले होते. त्याला सगळे कळत होते, त्या बैठकीत तो पहिल्या रांगेत होता.

"बघ, आता कसा लख्ख झाला," सर म्हणाले.

होयबाने तोंड मिटले आणि तो म्हणाला, "हो सर."

पाहुणे आले, खुर्च्यांवर बसले, पडदे ओढले गेले. सरांनी माझ्याविषयी चार शब्द सांगितले, त्यांतले दोन धाकटीचे होते. मग दिवा लागला आणि मी पिवळा चमकलो. पाहुण्यांतल्या एका बाईंनी विचारले, की तुम्ही तर निळा म्हणाला होतात. सरांनी मान वळवून धाकटीकडे बघितले आणि अगदी मायेने विचारले, "हा कुठला रंग म्हणायचा?"

तिला एका नजरेत कळले होते. "कुणीतरी ह्याला ओल लावलीय," ती म्हणाली.

सरांचा हात खिशाकडे गेला. बोटांना तो दमट रुमाल लागला असावा, कारण त्यांचा चेहरा क्षणभर कसनुसा झाला. त्यांना आत्ता कुठे कळले होते. मी बशीत होतो आणि ते माझ्यावर वाकले होते, म्हणून मला ते दिसले, दुसऱ्या कुणाला नाही. मग त्यांनी हात बाहेर काढला, सरळ उभे राहिले आणि विचारले, सकाळी इथे कोण आले होते. होयबाने जमिनीकडे बघत सांगितले, की हिचे वडील आले होते.

म्हाताऱ्याला बाकावरून उठवून आत आणले. खोलीतले दिवे आता लागले होते, अनोळखी माणसे त्याच्याकडे बघत होती, आणि त्याच्या हातांकडेही. सरांनी त्याला खुर्ची दिली. पाणी विचारले. मग म्हणाले, "काका, घाबरू नका. सकाळी ह्या खड्याला तुमचा हात लागला होता का?"

म्हातारा आठवू लागला. त्याचे आठवणे तुम्ही बघायला हवे होते. कपाळ आक्रसून, ओठ हलवत, तो सकाळपर्यंत पोहोचायचा प्रयत्न करत होता आणि वाटेतच कुठेतरी हरवत होता.

"लागला असेल साहेब," तो शेवटी म्हणाला. "माझ्या हातांचा काही भरवसा नाही."

"नाही लागला," धाकटी म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "मी तिथेच होते. त्यांनी हात मागे धरले होते."

पाहुणे चुळबुळ करू लागले. सरांनी चहा मागवला आणि थोड्या वेळाने बोलू म्हणून सगळ्यांना शेजारच्या खोलीत पाठवले. धाकटीने मला उचलून थेट सूक्ष्मदर्शकाखाली नेले. तिथे काय लपणार? माझ्या अंगावर कापड घासल्याच्या बारीक रेघा होत्या आणि एका कडेला रुमालाचा निळा धागा अडकला होता. होयबा मागे येऊन उभा होता. तिने मान न वळवता विचारले, की सरांनी पुसला का. त्यावर होयबा म्हणाला, "मला दोन मुलं आहेत. मला यात ओढू नकोस." एवढे उत्तर पुरेसे होते.

सरांनी तिला आपल्या खोलीत बोलावले तेव्हा मी तिच्या हातात, बशीत होतो. म्हणून पुढचे बोलणे ऐकणारा मी तिसरा. तिने तो धागा त्यांच्यापुढे धरला. त्यांनी त्याच्याकडे बघितलेही नाही. म्हणाले, पाहुणे चहा पीत आहेत, ते जाण्याआधी जाऊन सांग की वडिलांचा हात लागला, लक्ष द्यायला मी चुकले. विषय तिथेच मिटेल. दुसरा खडा त्यांना पुढच्या महिन्यात दाखवू. आणि सही उद्या सकाळी.

"बाबांनी हात लावलेला नाही," ती म्हणाली.

"मला ठाऊक आहे," सर म्हणाले. आवाज नेहमीसारखाच मऊ होता. "पण मी पुसला म्हणून सांगितलं तर मला स्वतःच्याच खड्यातलं कळत नाही असं होईल. काम हातचं जाईल, आणि मग कुणाचीच सही करायला मी इथे नसेन. तुझ्या वडिलांचं काय जातंय? त्यांना उद्यापर्यंत आठवणार तरी आहे का?"

मित्रांनो, तुम्ही म्हणाल तिने बशी आपटायला हवी होती. मलाही तसेच वाटले होते, आणि बशीत मी असूनही वाटले होते. ती उभी राहिली. तिने खिडकीतून बाहेर व्हरांड्याकडे बघितले. म्हातारा परत बाकावर जाऊन बसला होता आणि आपले दोन्ही पंजे मांडीवर ठेवून त्यांच्याकडे बघत होता. कितीतरी वर्षे तिने या एका सहीसाठी ऐकून घेतले होते, हसून घेतले होते, आणि घरात औषधे संपत आली होती. सर म्हणाले त्यात एक गोष्ट खरी होती, ती तिलाही ठाऊक होती. बाबा विसरतात.

ती शेजारच्या खोलीत गेली. तेवढ्यात म्हाताऱ्यालाही कुणीतरी आत आणून चहा दिला होता. त्याला कप उचलता येत नसल्यामुळे चहा तसाच पडून होता. धाकटी सगळ्यांसमोर म्हणाली, "माझ्या वडिलांचा हात लागला. मी लक्ष द्यायला हवं होतं."

म्हाताऱ्याने वर बघितले. तोवर त्याच्या मनात निदान शंका तरी होती. मुलीने सांगितल्यावर तीही उरली नाही, कारण मुलगी त्याच्याशी कधी खोटे बोलली नव्हती. तो उठला आणि पाहुण्यांना हात जोडू लागला. पंजे वर येईनात. मनगटाला मनगट लावून तो म्हणाला, "साहेब, मला माफी करा. पोरीला काही बोलू नका." बाईंनी नजर खाली वळवली. सर उठले, म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, की चूक माणसाकडूनच होते. मग पाहुण्यांकडे वळून ते या पदार्थाच्या नाजूकपणाविषयी फार सुंदर बोलले. सगळ्यांना ते पटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सही झाली. कंपनीचे कामही आले. मला सरांनी कचऱ्यात टाकायला सांगितले आणि होयबाने टाकलेही. धाकटीने कचरापेटीतून कागद, बोळे, हातमोजे उपसून मला काढले, एका नळीत घातले आणि तोंड बंद करून घरी नेले. तिथे मी फडताळात, औषधांच्या बाटल्यांशेजारी राहू लागलो. पुढचे जे सांगतो ते तिथून बघितलेले.

तिला नोकरी मिळाली, चांगली मिळाली. लग्न झाले. नवरा शाळेत शिकवणारा, शांत माणूस, त्याने म्हाताऱ्यासह घर मांडले. सगळे ठीक चालले होते. म्हातारा मात्र सरांचा अंदाज खोटा ठरवत होता. शिसे त्याच्या आठवणी एकेक करून खात होते. दुकानाचा रस्ता गेला, बायकोचा चेहरा गेला, कधीकधी जावयाचे नाव जायचे. ही एक आठवण मात्र त्याच्यात रुतून बसली होती आणि निघत नव्हती. तो काचेचा पेला घेईना, त्याला स्टीलचा लागे. लेकीच्या टेबलाजवळून जाताना भिंतीला चिकटून जाई. तिने काही पुढे केले की म्हणे, "तिथेच ठेव. मी बघतो लांबून."

एक दिवस तिला ते सोसले नाही. तिने त्याच्यासमोर खाली बसून सगळे सांगितले. सर, रुमाल, धागा, ती खोली, आणि आपण काय केले तेही. रडत रडत सांगितले. म्हाताऱ्याने सगळे ऐकून घेतले, आणि मग तिच्या डोक्यावरून मनगट फिरवले.

"चार माणसांत बोललीस ते खोटं, आणि आता मला बरं वाटावं म्हणून घरात बोलतेस ते खरं होय?" तो म्हणाला. "राहू दे बाळ. तू कशाला जिवाला लावून घेतेस. तुझी पदवी तर मिळाली."

तिने फार समजावले. तो मान डोलवत राहिला, लहान मुलाचे ऐकून घ्यावे तसे. तिने होयबाला फोन केला. दोन शब्द सांग, एवढेच म्हणाली. होयबा आता त्या प्रयोगशाळेचा उपप्रमुख झाला होता. बैठकीत आहे म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

मग तिला वाटले, खड्यालाच साक्षीला उभे करू. माझे एक बरे आहे, ते सांगायचे राहिले, आणि तिलाही ते नोकरीत लागल्यावरच कळले होते. ओलीने माझ्यातून जे जाते ते परत घालता येते. तिने मला आपल्या कामाच्या ठिकाणी नेले, सीझियम आयोडाइडच्या द्रावणाचा थेंब माझ्या पिवळ्या कातडीवर सोडला आणि वाळवले. थोडी खरखर राहिली, पहिला तुकतुकीतपणा काही आला नाही, पण दिवा धरल्यावर मी पुन्हा निळा झालो. एका सकाळचे काम. मला घेऊन ती धावतच घरी आली.

तिने खिडक्या लावल्या. म्हातारा दाराशी उभा राहिला, पलीकडे, उंबऱ्याच्याही बाहेर. जमिनीवर तिची मुलगी खेळत होती, नुकतीच उभी राहायला शिकलेली. धाकटीने छोटा दिवा लावला आणि म्हणाली, "बाबा, बघा. परत निळा झाला. काही बिघडलं नव्हतं. कुणाच्या हातानं काही कायमचं बिघडलं नव्हतं."

मी चमकत होतो. इतका मी माझ्या ऐन उमेदीतही चमकलो नसेन. म्हाताऱ्याने हात पाठीमागे बांधले आणि तिथूनच बघितले. "छान झालाय," तो म्हणाला. "आता ठेवून दे लवकर. मी इथे आहे."

नात भिंतीला धरून उठली. निळ्या उजेडात तिला आजोबा दिसले असावेत. ती दोन पावले टाकत, हेलपाटत त्याच्याकडे निघाली, आणि मला उचल म्हणून तिने दोन्ही हात वर केले. म्हातारा मागे सरला. त्याची पाठ मागच्या भिंतीला लागली तरी तो सरतच होता. "हिला घे," तो लेकीला म्हणाला, आणि त्याचा आवाज खरोखर घाबरलेला होता. "हिला घे आधी. माझा हात लागेल."

धाकटीने मुलीला उचलले. त्या घरात त्या पोरीला आजोबांनी एकदाही घेतले नाही, शेवटपर्यंत नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्याने आपली कहाणी संपवताना स्वतःची काळजी घ्या म्हणून विनवायचे असते. आम्हांला कोरडे ठेवा, उघड्या हाताने शिवू नका, वाफ सोडू नका, हे मी सांगू शकतो. पण मला ओले केलेत तरी माझे फार अडत नाही. कुणीतरी थेंब सोडील आणि मी पुन्हा चमकेन. माणसावर सोडायला तसा थेंब नाही, हे मी या फडताळातून रोज बघितले आहे. तेव्हा तुमच्या हातून काही फुटले, सांडले, बिघडले, तर तिथल्या तिथे आपले नाव सांगा. आणि त्या वेळी जवळ एखादे थकलेले माणूस उभे असेल, तर त्याच्याकडे बघूसुद्धा नका. ते हो म्हणून टाकते.